लॅपटॉप मी बघतो

"अवधूत, हळू. आम्ही समोरच बसलोय. जयसिंगपूरला नाही."

रेवतीनं दोन्ही तळव्यांनी कान झाकले होते, पण हसत होती. श्रेणिक शेवटच्या बाकावर आडवा पडला होता. तिथनंच म्हणाला, "बोलू दे की त्याला. हॉलमधला माईक बंद पडला तरी आपल्याला टेन्शन नाही. गेटवरचा वॉचमनपण मार्क देईल."

मी फळ्यासमोर उभा. हातात कागद. पहिलीच रिहर्सल होती. आणि मला खरंच कळलं नव्हतं की मी ओरडतोय.

"परत घे," रेवती म्हणाली. "अर्ध्या आवाजात."

घेतलं. दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्याला आवाज परत वर चढला. शेजारच्या वर्गातनं कुणीतरी भिंतीवर थापा मारल्या. श्रेणिक उठून बसला.

"अव्या, राग मानू नको. पण हा आवाज कारखान्यातला आहे. पंधरा दिवसांत जातोय व्हय?"

रेवतीनं वहीत तिघांची नावं लिहून पुढं रेघा मारल्या होत्या, कोण कुठला भाग बोलणार ते लिहायला. बारा मिनिटं मिळणार होती, तिघांत चार-चार.

"स्लाइड कोण बदलणार पण?" ती म्हणाली. "बोलता बोलता आपण कळ दाबत बसलो तर घोळ होईल."

"लॅपटॉप मी बघतो," मी म्हणालो.

नको, असं कुणी म्हणालं नाही. रेवतीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग माझ्या नावापुढच्या रेघेवर लिहिलं, लॅपटॉप. बाराला दोननं भागलं आणि सहा-सहा मिनिटं त्या दोघांच्या पुढं टाकली.

हे मी पुढं बऱ्याच लोकांना सांगितलं. सांगताना म्हणायचो, त्यांनी मला मागं बसवलं.

इचलकरंजीत आमचं घर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत. आण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं कामगार म्हणून माग चालवायचे. एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडनं त्या टोकाला आपटतो, मिनिटाला शंभरच्या वर, आणि असे अठ्ठेचाळीस एकदम. मी शाळेत होतो तेव्हापासनं सुट्टीला त्यांच्या हाताखाली. आत बोललेलं ऐकू येत नाही म्हणून लोक खुणांनी बोलतात. बाहेर आलं की ओरडतात. मीठ दे, हेसुद्धा आमच्या घरात ओरडून मागायचं, कारण आण्णांचे कान निम्मे गेले होते आणि आईला त्यांच्याशी बोलायची सवय.

टेक्स्टाइल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. आमच्या गाइडनी, कुंभोजे सरांनी, चिठ्ठ्या टाकून तिघा-तिघांचे ग्रुप पाडले होते. रेवती उपाध्येचे वडील हायस्कूलला शिक्षक. श्रेणिक मगदूमच्या घरचे दोन कारखाने. आणि मी. चिठ्ठी नसती तर या दोघांशी तीन वर्षांत दहा वाक्यं बोललो नसतो. पहिल्या दोन वर्षांत बोललोपण नव्हतो. कॉलेज सुटलं की सगळी कट्ट्यावर थांबायची, मी सायकल काढून कारखान्यावर यायचो.

विषय माझा होता. माग का थांबतो. चार रविवार मी वही घेऊन शेडमध्ये उभा राहिलो आणि सोळा मागांची नोंद घेतली. कधी थांबला, कशानं थांबला, कधी चालू झाला. त्यातनं एक गोष्ट निघाली, ती मलाच नवीन होती. तुटलेला धागा जोडायला पाऊण मिनिट पुरतं. पण माग बंद राहायचा सरासरी चार मिनिटं. म्हणजे सव्वातीन मिनिटं माग नुसता वाट बघत उभा. कामगाराकडं आठ-आठ माग. तो एकाला वाकलेला असतो आणि मागच्या ओळीतला थांबलेला त्याला कळतच नाही, कारण एवढ्या आवाजात एक आवाज कमी झालेला कुणाला ऐकू येणार.

श्रेणिकनं त्यावर उपाय काढला. माग थांबला की वर लाल दिवा लागणार. नुसता काढला नाही, वडिलांच्या मागं लागून सहा मागांवर बसवूनपण बघितला. वाट बघायची वेळ निम्म्याच्या खाली आली. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून स्लाइड बनवायला शिकलो आणि एकवीस स्लाइड केल्या. रेवतीनं त्यातल्या नऊ उडवल्या.

"प्रत्येक स्लाइडवर तू निबंध लिहिलायस," ती म्हणाली होती. "लोक वाचत बसले तर आमच्याकडं बघणार कोण?"

बरोबर होतं तिचं.

मग कुंभोजे सर एक दिवस वर्गात सांगून गेले, की तपासायला बाहेरनं हळिंगळे साहेब येणार आहेत. शिरोळ रस्त्याला नवीन मिल झाली होती, तिथले प्रॉडक्शनचे मोठे साहेब. "बॅचमधनं एक ट्रेनी घेणार म्हणालेत," सर म्हणाले. "कागद बघून नाही घेणार. उभा राहून कोण कसा बोलतो ते बघून घेणार. तेव्हा जरा तोंड उघडा."

ती मिल सरांनी बघितली होती. मागांचा हॉल आणि ऑफिस यांच्यात जाड काचेची भिंत आहे म्हणाले. पलीकडं शंभर माग चालतात आणि अलीकडं माणसं अगदी साध्या आवाजात बोलतात, पलीकडचं काही ऐकू येत नाही.

मला त्या काचेच्या अलीकडं जायचं होतं. दुसरं काही डोक्यातच नव्हतं.

आणि एवढं असून रिहर्सलच्या दिवशी मी म्हणालो, लॅपटॉप मी बघतो.

रिहर्सलनंतरच्या रविवारी दोघं फोटो काढायला आमच्या कारखान्यात आले. दारातच रेवती थबकली. पहिल्यांदा शेडमध्ये येणारा माणूस थबकतोच, आवाज छातीवर येऊन धडकतो. ती काहीतरी म्हणाली. ओठ हललेले दिसले. मी डोकं हलवलं, ऐकू येत नाही. ती परत म्हणाली, मान लांब करून, सगळा जोर लावून. मला हसू आलं. मी दोन बोटं जोडून फटकन लांब केली आणि चौथ्या मागाकडं दाखवलं. तिथं धागा तुटला होता. आण्णा तिकडं निघालेच होते.

तिनं मला सांगितलं, बोटानंच, परत कर. मी परत केलं.

तासभर आम्ही तेच केलं. दोन बोटं लांब, धागा तुटला. तळहातावर मूठ, माग बंद. अंगठा खांद्यावरनं मागं, जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलव. करंगळी ओठाला, चहा. तिनं चारीच्या चारी उचलल्या. आण्णा लांबनं बघत होते, त्यांनी तिला करंगळी दाखवली. तिनं झटकन मान हलवून हो म्हटलं, तसे आण्णा हसले. आण्णा कारखान्यात हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही. श्रेणिक, कारखानदाराचा पोरगा, त्याला यातली एकपण खूण येत नव्हती. तो नुसता फोटो काढत फिरला.

बाहेर आलो. चहा पिताना रेवती म्हणाली, "आत तू किती बोलतोस रे."

"व्हय," श्रेणिक म्हणाला. "आणि एकदा पण ओरडला नाही."

ते वाक्य मी घरी नेलं. आत तू किती बोलतोस. दोन-तीन दिवस ते माझ्याजवळ होतं.

मग मी हळू बोलायचा सराव सुरू केला. गुपचूप. कॉलेजच्या मागच्या जिन्यावर दुपारी कुणी नसतं. तिथं बसायचो, मोबाइलवर रेकॉर्ड करायचो, ऐकायचो. माझी चार मिनिटं मला पाठ होतीच, लिहिलीच मी होती. चौथ्या दिवशी आवाज खाली यायला लागला. पाचव्या दिवशी एक अख्खं रेकॉर्डिंग झालं आणि त्यातला माणूस मला ओळखू येईना. बरा बोलत होता.

त्या संध्याकाळी घरीपण तसंच बोलून बघितलं. आण्णांना म्हणालो, "परवा आमचं प्रेझेंटेशन आहे."

"काय?"

"परवा. कॉलेजात."

"काय पुटपुटायलायस? जरा मोठ्यानं बोल की. घास अडकलाय काय?"

आई आतनं ओरडली, "परवा त्याची परीक्षा हाय म्हणतोय."

"मग तसं सांग की."

मी परत मोठ्यानं सांगितलं. जेवलो.

रात्री जेवण झाल्यावर रेवतीचा फोन आला. "ऐक ना. तू शेवटच्या दोन स्लाइड घे. निष्कर्ष. मी कुंभोजे सरांना सांगते, ते काही म्हणणार नाहीत."

माझ्या मोबाइलमध्ये ते रेकॉर्डिंग होतं. पाठवलं असतं तर पुरलं असतं.

"नको," मी म्हणालो. "तुमचं बसलंय आता नीट. कशाला हलवायचं."

"नक्की?"

"नक्की."

"अरे पण त्या साहेबांना..."

"रेवती, नको म्हटलं ना."

"बरं," ती म्हणाली. "मग प्रश्नांची यादी तरी काढून दे. ते काय काय विचारतील."

ती मी दिली. बावीस प्रश्न, बावीस उत्तरं. धाग्याचा नंबर काय, मागाचा वेग काय, दिव्याला वायर कुठनं आणली, पावसाळ्यात जास्त तुटतो का. पहाटे उठून परत एकदा तपासली. एकपण प्रश्न सुटला नाही असं वाटलं.

तो दिवस गुरुवार होता. सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टर मधल्या टेबलावर, त्याच्या शेजारी लॅपटॉप, लॅपटॉपपुढं मी. पुढं उजेड, माझ्याकडं अंधार. हळिंगळे साहेब पहिल्या ओळीत कडेला बसले होते. पन्नाशीच्या पुढचे, अंगानं बारीक, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आमच्या आधी दोन ग्रुप झाले होते. त्यांच्या वेळी साहेब फारसं काही बोलले नव्हते. एकाला फक्त म्हणाले, "इंग्रजी राहू दे, मराठीत सांग. तुझं तुलाच कळेना झालंय."

श्रेणिकनं सुरुवात केली. मी स्लाइड बदलत गेलो. त्याचं वाक्य कुठं संपतं मला माहीत होतं, माझंच वाक्य होतं. त्याच्या आधी अर्धा सेकंद मी कळ दाबायचो. मग रेवती आली. माझ्या चार रविवारांचा तक्ता पडद्यावर आला. ती म्हणाली, "पाऊण मिनिटाच्या कामासाठी माग चार मिनिटं बंद राहतो. उरलेली सव्वातीन मिनिटं तो वाट बघतो." आणि थांबली. ते थांबणं तिचं होतं. कागदावर नव्हतं. हॉल शांत झाला. मी असतो तर थांबलो नसतो.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

बारा मिनिटांत संपवलं. प्रश्न सुरू झाले. वायर, वेग, पावसाळा. सगळं यादीतलं. श्रेणिकनं दोन उत्तरं दिली, रेवतीनं तीन. मी अंधारात मनातल्या मनात यादीवर खुणा करत होतो.

मग साहेब जरा पुढं सरकले.

"दिवा बसवला, छान केलं. पण मला एक सांगा. ज्याचा माग बंद पडला, त्याला दिसत नाही, मान्य. पण शेजारच्या कामगाराला दिसतो की. दोन पावलांवर असतो तो. त्याच्या डोळ्यासमोर माग बंद असतो. तो का चालू करत नाही? त्यानं केला तर तुमचा दिवा लागतोय कशाला?"

हा प्रश्न यादीत नव्हता.

मला तो प्रश्नच वाटला नव्हता. चार रविवार तिथं उभं राहून, सगळं लिहून काढून, हे लिहायचं मला सुचलं नव्हतं. दुसऱ्याच्या मागाला हात लावायचा नसतो. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. तुम्ही त्याचा माग चालू केला आणि पुढं कापडात दोष निघाला तर तो कुणाचा? त्याचा की तुमचा? त्यावरनं माणसं वर्ष-वर्ष बोलत नाहीत. म्हणून बंद माग बघितला तरी हात लावायचा नाही. ज्याचा आहे त्याला बोलवायचं, आणि तो येईपर्यंत आपलं काम करत राहायचं.

श्रेणिकनं रेवतीकडं बघितलं. रेवतीनं माझ्याकडं.

मी अंधारातनं हात वर केला. श्रेणिककडं बोट केलं, मग हवेत मागाचा दांडा धरल्यासारखा धरला, आणि बोट हलवलं. नाही.

तिला कळलं. "सर, दुसऱ्याच्या मागाला हात लावत नाहीत."

"का?"

तिनं परत माझ्याकडं बघितलं, खुर्च्यांच्या मधनं दोन-तीन पावलं माझ्याकडं आली. आता याला खूण काय करायची? मी हात अजून वर नेला. आणि तो प्रोजेक्टरच्या उजेडात गेला. पडद्यावर, निष्कर्षाच्या बरोबर मधे, माझ्या पंजाची केवढी तरी सावली पडली. मागं पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "आशीर्वाद." मी हात झटकन खाली घेतला.

हळिंगळे साहेब हसले नाहीत. ते खुर्चीत पूर्ण वळले आणि त्यांनी मला शोधलं. बघत राहिले. मग काही न बोलता त्यांनी उजवा हात छातीवर दोनदा आपटला, माझ्याकडं बोट केलं, आणि पंजा स्वतःकडं ओढला.

पडद्यावरनं परत येणाऱ्या उजेडात मला स्पष्ट दिसलं. त्या हॉलमध्ये ती खूण वाचता येणारा मी एकटाच होतो. आमच्या शेडमध्ये ती दिवसातनं शंभर वेळा होते. समोरच्या ओळीतला माणूस तुमच्याकडं बघून करतो. रेवतीला मी चार शिकवल्या होत्या. ही पाचवी.

बंद माग तुझा आहे. तू ये.

म्हणजे हा माणूस मागावर उभा राहिलेला होता. कधीतरी, आमच्यासारख्याच एखाद्या शेडमध्ये. आणि त्याला कळलं होतं, तक्ता कुणाचा, वाक्यं कुणाची, अंधारात कोण बसलंय. त्यानं मला बोलावलं. माझ्या भाषेत. माझा आवाज मोठा आहे की लहान, याचा तिथं काही संबंध नव्हता. उठून पुढं जायचं होतं, आठ पावलं.

मी मान खाली घातली आणि कळ दाबली.

पुढची स्लाइड शेवटची होती. धन्यवाद. खाली रेवतीनं निवडलेलं गुलाबाचं फूल.

पोरं परत हसली. रेवतीनं वळून पडद्याकडं बघितलं, मग साहेबांकडं, आणि म्हणाली, "सर, का लावत नाहीत ते मला माहीत नाही. उद्या शेडमध्ये जाऊन विचारते आणि तुम्हाला कळवते."

साहेब अजून माझ्याकडंच बघत होते. मला वर बघायची गरज नव्हती, ते कळत होतं. मग खुर्ची वाजली. ते पुढं वळले.

"विचार," ते म्हणाले. "कळव."

संध्याकाळी नाव लागलं. रेवती उपाध्ये.

श्रेणिकनं तिला पेढ्याच्या जागी खिशातलं चॉकलेट दिलं. दोघं मला शोधत लॅबकडं आले. "चल," श्रेणिक म्हणाला, "मिसळ खाऊ. तुझ्या स्लाइडमुळं झालं सगळं."

"मला कारखान्यात जायचंय," मी म्हणालो. त्या दिवशी जायचं नव्हतं. आण्णांनी सुट्टी घे म्हणून सांगितलं होतं.

रेवती म्हणाली, "अवधूत, पाच मिनिटं तरी."

"तुम्ही जावा."

जिन्यात हळिंगळे साहेब भेटले. ते वर येत होते, पेन राहिलं होतं म्हणे. मी भिंतीला सरकलो. ते एक पायरी खाली थांबले.

"वडील मागावर?"

"हो."

"किती चालवतात?"

"आठ."

"हं," म्हणाले. अजून काहीतरी विचारतील म्हणून मी थांबलो. माझ्याजवळ उत्तर तयार होतं. शेजारचा का हात लावत नाही, सगळं, चार वाक्यांत, साध्या आवाजात. त्यांनी विचारलं नाही. एकदा बोलावून झालं होतं. शेडमध्येपण दुसऱ्यांदा कुणी बोलवत नाही. ते वर गेले.

घरी गेलो. आण्णांनी विचारलं, काय झालं.

"कारखानदाराच्या पोराचा ग्रुप होता," मी ओरडून सांगितलं. "त्यांनी मला बोलूच दिलं नाही. मागं बसवलं."

आण्णा म्हणाले, "त्या पोरीनंपण?"

"तिनंपण."

आण्णांनी तिला चहा पाजला होता. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

याला आता सहा वर्षं झाली. सहा वर्षांत आण्णांनी हे अख्ख्या कारखान्याला सांगितलं. जॉबरला, दिवाणजीला, पाहुण्यांत. आमच्या पोरानं सगळं केलं आणि त्याला अंधारात बसवून पोरगी नोकरी घेऊन गेली. मगदूमांच्या कारखान्यात जास्त चांगले माग आले, तिथनं बोलावणं आलं, आण्णा गेले नाहीत. श्रेणिक रस्त्यात भेटला की हात करतो, आण्णा तोंड फिरवतात. त्याला वाटतं म्हाताऱ्याला दिसत नाही.

मी आण्णांच्या शेजारच्या ओळीत आठ माग चालवतो. डिप्लोमाचं सर्टिफिकेट घरात कपाटात आहे. एक-दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं होतं. गेलो नाही. सांगायला कारण तयारच होतं, आपल्यासारख्याला कोण घेतंय.

गेल्या महिन्यात दुपारी खिशात फोन थरथरला. रेवती. तिचे मेसेज यायचे दिवाळीला, फोन कधी नाही. मी आण्णांना खूण करून बाहेर आलो.

"अवधूत, ओळखलंस का? कामात आहेस का?"

"बोल की."

"हळू बोलतोयस चक्क," ती हसली. मला ते कळलंच नव्हतं. "ऐक, आमच्याकडं बाहेरनं नवीन मुलं येतात. आवाजात त्यांना काही सांगता येत नाही. मी खुणांचा एक तक्ता लावणार आहे भिंतीवर. तू शिकवलेल्या चार घातल्यात. अजून आठ-दहा सांग ना."

मी सांगत गेलो. ती लिहून घेत होती. सुताचा बीम संपला, पट्टा सुटला, लाइट गेली. पंधरा मिनिटं बोललो असेन. बरं वाटत होतं.

"आणि एक राहिली," ती म्हणाली. "हळिंगळे साहेबांनी त्या दिवशी केली होती बघ, प्रेझेंटेशनला. छातीवर दोनदा हात, मग बोट, मग असा हात आपल्याकडं. मी तेव्हा ठरवलं होतं तुला विचारायचं. मग राहून गेलं."

मी भिंतीला टेकलो. आतला आवाज भिंतीतनं पाठीत येत होता.

"साहेब गेले रे मागच्या वर्षी," ती म्हणाली. "रिटायर होऊन दोनच महिने झाले होते. त्यांनाच विचारायला पाहिजे होतं. मी आपलं धरून चालले, शाब्बास म्हणाले. म्हणजे, माझ्याच दिशेला केली ना त्यांनी. मी आणि तू एका रेघेत होतो. खरं सांगू? इथं पहिले सहा महिने फार वाईट गेले. कुणी बोलायचं नाही. तेव्हा मी ते आठवायची. एवढा मोठा माणूस छातीवर हात मारून शाब्बास म्हणाला आपल्याला."

तिलापण तिथं कुणी बोलायला नव्हतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. काचेच्या अलीकडं.

"अवधूत? आहेस ना?"

"आहे."

"शाब्बासच ना?"

"हो," मी म्हणालो. "शाब्बासच. पण ती तक्त्यावर नको घालू. जुनी आहे. आता कुणी करत नाही."

"बरं," ती म्हणाली. "थँक्यू. ये की एकदा मिलवर. मी दाखवते."

"येतो."

फोन ठेवला. आत आलो. आण्णा सहाव्या मागावर वाकले होते. मला बघून त्यांनी भुवया उडवल्या, कोण?

मी रेवतीचं नाव ओठांनी सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. ते वळायला लागले, मी त्यांचा हात धरला. कारखान्यात असं कुणी धरत नाही. ते थांबले.

आणि मी त्यांना सांगितलं. बाहेर सांगितलं असतं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतं. हातानं दोन पेनं खिशाला लावली, साहेब. छातीवर दोनदा हात, बोट माझ्याकडं, पंजा ओढला. साहेबांनी मला बोलावलं. मग मी मान खाली घातली आणि तशीच ठेवली. मग बोट स्वतःकडं केलं. त्यांनी नाही. मी.

आण्णा बघत राहिले. त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी परत केलं, सगळं पहिल्यापासनं.

ते माझ्या खांद्यावरनं मागं बघत होते. मग त्यांनी माझा हात सोडवला. छातीवर दोनदा आपला हात आपटला, माझ्याकडं बोट केलं, आणि माझ्या पाठीमागं दाखवलं.

मी वळलो. माझ्या ओळीतला तिसरा माग बंद होता. कधी थांबला होता कुणास ठाऊक. आण्णा त्याच्यापासनं दोन पावलांवर उभे होते, आणि त्यांनी हात लावला नव्हता.

मी गेलो.